सव्वा महिना

ग्रिम्स्बीत समुद्र बसच्या शेवटच्या थांब्यावर आहे,
तरी मी मीठ विकत आणते. बादलीनं. पंचवीस किलो.
दुकानाचा ट्रेवर ती गाडीत ठेवताना दरवेळी म्हणतो,
आपल्याकडचा समुद्र फुकट आहे की!
असेल. पण तो तपकिरी आहे,
आणि त्यातून आलेले मासे इथे बर्फावर झोपतात.

जिन्याखालच्या संडासात, जिथे आधी व्हॅक्यूम क्लीनर होता,
तिथे तुझी टाकी.
वाळू नाही, खडक नाही,
नळाचे तीन एल्बो, एक स्पंज, एक हीटर,
आणि मध्ये तू, पिवळाजर्द, सपाट,
कुणी हळदीचा हात काचेवर उमटवावा तसा.

कैरवी विचारते, आज सोडूया मोठ्या टाकीत?
नाही.
मग उद्या?
पी हळद अन् हो गोरी, असं नसतं गं.
सव्वा महिना.

मागच्या फेब्रुवारीत मला दया आली होती.
एक निळा, अंगठ्याएवढा, पिशवीत थरथरणारा.
तासाभरात सोडला वरच्या टाकीत.
छान पोहला. सगळ्यांशी ओळखी करून घेतल्या.
आठव्या दिवशी त्याच्या परावर एक पांढरा कण दिसला.
मला वाटलं, मीठ.
मग दुसऱ्याच्या शेपटीवर. मग सगळ्यांच्या अंगभर,
आणि सगळे खडकाला कूस घासत होते,
खाज सुटलेल्या पोरांसारखे.
शेवटी शंखातला खेकडा तेवढा उरला,
कुणाचं तरी घर पाठीवर घेऊन
तो रिकाम्या टाकीत शहात्तर दिवस हिंडला.
दिवे मात्र रोज दहाला लागत होते.

म्हणून आता वेगळी बादली. वेगळं जाळं. वेगळा टॉवेल,
त्याला लाल दोरा बांधलेला, चुकून वर जाऊ नये म्हणून.
इथून निघताना कोपरापर्यंत हात धुते.
रोज तांबं मोजते पाण्यातलं,
जशी दवाखान्याच्या फार्मसीत लोकांच्या गोळ्या मोजते.
चिमूटभर कमी, तर रोग जगतो.
चिमूटभर जास्त, तर तू नाही.

परवा तो टॉवेल वाळत घालताना
हात तसाच राहिला दोरीवर.
वेगळं ताट. वेगळा तांब्या. वेगळी सतरंजी.
बार्शी, मागची पडवी, मी चौदा वर्षांची,
आणि काकू भाकरी वरून टाकते आहे,
बोटाला बोट लागू नये अशी, नेम धरून.
कुणी आलं विचारत, तर आतून आवाज,
ती बाजूला बसली आहे.
दर महिन्याला तीन दिवस.
मला काही झालेलं नसायचं. म्हणजे, व्हायचं.
पण कुणाला लागेल असं काही नाही.

हे तुला सांगण्यात अर्थ नाही.
तुला समुद्राचा शेवटचा थांबाही माहीत नाही,
कुठल्या खडकावरून तुला उचललं
ते ट्रेवरलाही माहीत नाही.
नऊ दिवस तू काही खाल्लं नाहीस.
दहाव्या दिवशी मी शेवाळाची पट्टी चिमट्यात न लावता
बोटांतच धरली, मनगटापर्यंत पाण्यात,
आणि तू आलास, दोनदा मागे फिरलास,
मग चुटकन् एक कोपरा तोडून पळालास एल्बोमध्ये.
मी एवढ्या मोठ्यानं हसले
की शेजारच्या ग्लेनिसनं भिंतीवर टकटक केलं.

आज अठ्ठाविसावा.
कैरवीनं दाराच्या आत खडूनं रेघ ओढली
आणि झोपायला गेली, रुसून.
बाहेर वारा आहे, त्याला गोदीचा वास.
तुझ्या अंगावर एकही ठिपका नाही. टॉर्चनं पाहिलं.
तरी नाही. अजून नाही.

फरशी गार आहे.
वरून सतरंजी आणली आहे मी,
चहा आणला आहे.
थोडा वेळ बसते
तुझ्या बाजूला.